आठ विहिरींचा मेनू

शाळेच्या प्रयोगशाळेत वनमालाबाईंनी संगणकाच्या खोक्यावरच्या कुलपात किल्ली अर्धी फिरवली आणि बटण दाबलं. पंखा आधी खरखरला, मग एका लयीत फिरू लागला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तारीख एक जानेवारी १९८०. हार्ड डिस्क सापडत नाही.

"गेला," चैताली म्हणाली.

"गेला नाही. आतला सेल संपलाय, म्हणून विसरलाय."

खोक्याच्या कडेला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. त्यावरचे डिस्कच्या मापाचे तीन आकडे बाईंनी एकेक करून भरले, आजची तारीख टाकली आणि पुन्हा सुरू केलं. डिस्कमधून दोनदा टकटक आली. मग निळी चौकट, तिच्यात पासवर्डची रिकामी जागा आणि खाली इशारा: तीनदा चुकल्यास संगणक बंद होईल.

बाईंनी सात अक्षरं टाइप केली. चौकट उघडली.

"इतक्या वर्षांनी लक्षात आहे?"

"मीच ठेवलाय ना."

दाराशी उभे असलेले शहादेव हसले. "मधी एका सायबानं लई प्रयत्न केलते. तीनदा कुई केलं न् बंदच झालं. तवापासून कुणी हात लावला न्हाई."

चैताली भूवैज्ञानिक होती, बीडहून आली होती. गावाच्या नळयोजनेसाठी नवी विहीर खोदायची होती आणि जागा दोन होत्या: ओढ्याकाठी किंवा माळावर. दोन्हीकडे एकेक जुनी विहीर होती, सारख्याच खोलीची. मे महिन्यात जिच्यात पाणी वर राहतं, तिच्याशेजारी नवी खोदायची, इतका सरळ हिशेब. चार वाजताच्या ग्रामसभेत ठराव व्हायचा होता. गेल्या महिन्याच्या सभेत बाईंनी ओढ्याकाठचं नाव घेतलं तेव्हा कुणी उलट विचारलं नव्हतं. अर्ध्या गावाला त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. चैतालीला मात्र आकडे हवे होते.

आकडे या खोक्यात होते. १९९६ साली शाळेला हा संगणक मिळाला, त्याच्याबरोबर फ्लॉपीवर एक मेनूचा प्रोग्राम आला होता. मेनू आपल्याला हवा तसा मांडता येई आणि प्रत्येक ओळीला वेगळं कुलूप घालता येई. बाईंनी उन्हाळ्याची सुट्टी खर्चून त्यातून विहिरींची वही उभी केली. इंग्रजी अक्षरांत चार मराठी ओळी: एक नोंद, दोन पाहणे, तीन तक्ता, चार दुरुस्ती. शहादेव तेव्हा प्रयोगशाळेचे परिचर होते. दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला ते सायकलवरून आठ विहिरी फिरायचे, टेप सोडून वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचे, आणि परत येऊन विहिरीचा क्रमांक व आकडा भरायचे. पहिल्या तीन ओळी त्यांना उघड्या होत्या. चौथी फक्त बाईंची. मोजलेला आकडा मागाहून कुणी बदलू नये, यावर बाईंचा सगळा भर होता.

त्यांनी तीनचं बटण दाबलं. जून १९९६ ते मे २००८, आठ विहिरींचा तक्ता खालून वर सरकू लागला.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "शेवटच्या नऊ वर्षांची मे महिन्याची सरासरी. ओढ्याकाठची, तीन नंबर, आठ मीटर चाळीस. माळावरची, सहा नंबर, आठ सत्तर. ओढ्याला पाणी तीस सेंटिमीटर वर."

"आणि त्याआधीची तीन वर्षं? तेव्हा तर माळ वर दिसतोय."

"नव्व्याण्णवपासून माळावर बोअर पडले. पाणी खाली गेलं. उपशाचा परिणाम म्हणून मी हेच उदाहरण वर्गात द्यायचे."

चैतालीने खुर्ची पुढे ओढली. "बोअरने पाणी हळूहळू उतरतं, मॅडम. इथे एका पंधरवड्यात एक्क्याण्णव सेंटिमीटर उतरलंय. आणि नंतर भर पावसाळ्यातसुद्धा तेवढाच फरक राहिलाय."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग त्यांची नजर तक्त्याच्या तळाशी गेली. तिथे डिस्कवरच्या एकूण नोंदींचा आकडा होता: २५२०.

"वर्षाला चोवीस फेऱ्या," त्या पुटपुटल्या. "आठ विहिरी, बारा वर्षं. दोन हजार तीनशे चार व्हायला पाहिजेत."

"दोनशे सोळा जास्त आहेत."

"नऊ वर्षं गुणिले चोवीस."

तक्ता त्यांनी आठच विहिरींचा मांडला होता. त्याबाहेर काही असलं तर तो दाखवणार नव्हता. त्या मेनूवर परतल्या, दोन दाबलं. विहीर क्रमांक? त्यांनी नऊ टाइप केलं.

पडदा भरला. एक जून १९९९, ०.९१. पंधरा जून, ०.९१. एक जुलै, ०.९१. पान उलटलं तरी तेच.

"शहादेव, नऊ नंबरची विहीर कुठली?"

शहादेव आत आले, पण पडद्याकडे पाहिलं नाही. "हीर न्हाई बाई ती. कठडा हाय."

"कसला कठडा?"

"भिवराबाईची कालवड पडली होती माळावरच्या हिरीत. मंग वस्तीनं दगड वाहून कठडा बांधला. तवापासून टेप कठड्यावरून सोडावा लागायचा. तुमाला सांगितलं होतं मी."

"मी काय म्हणाले?"

"पोरांचे दाखले लिहीत होतात. मान वर न करता म्हणालात, आकड्यात हात घालायचा न्हाई, दिसंल तो टाकायचा." ते थांबले. "दिसला तो टाकला. कठड्याचा येगळा टाकला. मशीन न्हाई म्हणालं न्हाई."

यंत्राला नाही म्हणायला बाईंनी शिकवलंच नव्हतं. विहिरीच्या क्रमांकात शून्य चालणार नाही, एवढं त्यांनी त्याला बजावलं होतं. आठच्या पुढे कुणी जाईल हे त्यांना सुचलं नव्हतं.

"एकदा टाकून भागलं असतं, काका," चैताली म्हणाली. "नऊ वर्षं तोच आकडा?"

"कठडा बी मोजायचो की दर खेपेला. वरचा दगड कुणी उचलून नेला तर?"

चैतालीने मोबाइलवर वजाबाकी केली आणि तो बाईंपुढे धरला. गरज नव्हती, बाईंची झाली होती. आठ सत्तरातून एक्क्याण्णव गेले, सात एकोणऐंशी. माळावरचं पाणी एकसष्ट सेंटिमीटर वर होतं, आणि पहिल्या वर्षापासून तसंच होतं.

"मागच्या सभेत बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"माझं घर माळावर. बोललो असतो तर म्हणले असते, घरापाशी पाणी वढतोय. आन् तुमी बोलल्यावर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "दोन हंडे घेऊन सून हिरीपर्यंत जाती. सवय हाय आमाला."



"मॅडम, सोपं आहे," चैताली हलक्या आवाजात म्हणाली. "चौथ्या ओळीतून सहा नंबरचे आकडे दुरुस्त करा. मी स्वच्छ तक्त्याचा फोटो घेते. माझ्या अहवालात तेवढं पुरे. सभेत तुम्हाला काही बोलायला नको."

चौथ्या ओळीचा पासवर्डही बाईंना पाठ होता. बोट चारच्या बटणावर टेकलं. मग त्यांनी ते उचललं.

"नको. आकडे बरोबर आहेत. अर्थ चुकलाय, तो मी लावला होता. दोन्ही पानांचे फोटो घ्या. सहाचं आणि नऊचं."

तीन वाजता ते माळावर होते. चैतालीने कठड्याला टेप लावला. "नव्वद."

"पलीकडच्या कोपऱ्याला धरा," शहादेव म्हणाले. "मी तिथून सोडायचो."

ती पलीकडे गेली, वाकली. "एक्क्याण्णव," तिने सांगितलं आणि आकडा कागदावर उतरवून घेतला.

ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात शंभरेक माणसं जमली होती. सरपंच बंकट यांनी बाईंसाठी टेबलाशेजारी खुर्ची ठेवली होती. बंकट यांची स्वतःची शेती ओढ्याला लागून होती.

"या बाई. वढ्याचा ठराव लिहून तयार हाय, फकस्त तुमी हो म्हणा."

"खोड तो, बंकट." बाई बसल्या नाहीत. "मागच्या महिन्यात मी सांगितलं ते चूक होतं."

 मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आमचं चुकलं की तुमी अंगठे धरायला लावायच्या!"

हशा पिकला. बाईही हसल्या. "धरते. सभा संपू दे."

"आता तुमीच पलटल्यावर लोकांनी धरायचं तरी काय?" बंकट म्हणाले. त्यांचा आवाज हसरा नव्हता.

"मोजलेलं धरायचं. मी एकही विहीर मोजली नाही. बारा वर्षं ज्यांनी मोजल्या ते सांगतील. पटलं नाही तर त्यांना विचारा, मला नाही."

बाईंनी आकड्यांचा कागद शहादेवांकडे दिला आणि खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवली. शहादेव बसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. माळावरच्या बायका मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माळावरच्या हिरीचं सांग की लगीच," बंकट म्हणाले.

"वळीनं सांगतो," शहादेव म्हणाले. "एक नंबर. वेशीजवळची हीर."