सहा देवांचं रक्त

लग्न आठवड्यावर आलं होतं आणि लोकेशचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. का ठरावेत? जी पोरगी दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात चादरीसारखी पांढरी पडली होती, तीच प्रिया आता मोहटोल्यात सायकलवर भिरभिरत होती आणि भेटेल तिथे त्यालाच दम देत होती.

प्रिया म्हणजे त्याच्या धुरपता आत्याची लेक. आत्याची लेक मामाच्या घरी सून म्हणून यावी, ही त्यांच्या गोंड समाजातली जुनी, आवडती सोयरीक. बोलणी झाली, आणि महिनाभरात पोरीला ब्लड कॅन्सर निघाला. तिला जुळणाऱ्या माणसाच्या हाडांतला मगज, म्हणजे रक्त बनवणारा गाभा, हवा होता. आईबापाचं पुरतं जुळेना, सख्ख्या भावाचं जुळेना. डॉक्टरांनी मग नात्यातल्या सगळ्यांना तपासलं, आणि पूर्ण जुळला तो नेमका नवरदेव! त्याच दोन घरांत पिढ्यान्पिढ्या सोयरिकी झाल्या की क्वचित असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. लोकेशला त्यात नवल वाटलंच नाही. बायको आपली, म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचं जुळणार?

औषधांनी प्रियाच्या हाडांतला बिघडलेला मगज साफ केला. इकडे लोकेशला रोज इंजेक्शनं देऊन त्याच्या मगजातल्या मूळ पेशी रक्तात उतरवल्या. एका हातातून रक्त मशीनमध्ये गेलं, त्यातून त्या पेशी तेवढ्या काढून घेतल्या, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत आलं. जमलेली लालसर पिशवी प्रियाला सलाईनसारखी लावली. मग सगळे काचेबाहेर बसून राहिले. एका सकाळी नर्स हसत बाहेर आली आणि म्हणाली, पेशी रुजल्या. त्या दिवशी लोकेश जिन्यात लपून हमसून हमसून रडला, आणि हे त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तर आता लग्न. लग्नाआधी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी इकडे बरेच जण करून घेतात, म्हणून दोघं शाळेतल्या शिबिरात गेले. सोबत लोकेशच्या वडिलांचे थोरले भाऊ पत्रू होते. तिथल्या रंजीता सिस्टरनं प्रियाचं जुनं कार्ड पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय वो प्रिया, यात तुया रक्ताचा गट बी पॉझिटिव्ह आहे. आता तं ओ पॉझिटिव्ह येऊन राह्यला!"

"येईनच ना सिस्टर," प्रिया ऐटीत म्हणाली. "माझं रक्त आता माझं नाईच. रक्त बनवणाऱ्या पेशीच लोकेशच्या आहेत."

सगळे हसले. पत्रू तेवढे हसले नाहीत. घरच्या देवांचं सगळं तेच पाहायचे, आणि त्यांच्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला होता. लोकेशचं घर सहा देव पुजणारं, म्हणजे सहा देवांचं; प्रियाचं सात देवांचं. एकाच देवसंख्येची माणसं भाऊबहीण. लग्न करायचं ते दुसऱ्यांशी, ज्यांना सगा म्हणतात.

"लोकेश," घरी येता येता ते जड आवाजात म्हणाले, "पोरीच्या अंगात सहा देवांचं रक्त आलं. ते तुई बहीण झाली गा."

लोकेशच्या पायाखालची जमीनच सरकली. "मोठे बाबा, मी रक्त देलं ते जीव वाचवाले! बहीण करून घ्याले नाई!"

पत्रूंचेच डोळे भरले होते. लाडकी भाची होती त्यांची. पण देवाच्या कामात चूक नको, या एका गोष्टीवर ते अडून बसले.

दुसऱ्या सकाळी गोटुलात, म्हणजे गावच्या बैठकीच्या घरात, सगळे जमले. लोकेश खांबाला टेकून उभा होता, तोंडचं पाणी पळालेलं. पत्रूंनी आपलं म्हणणं मांडलं. तेवढ्यात धुरपता उठली.

"दादा, मी कोणाची पोरगी?"

"आपल्या बापाची. सहा देवांची."

"अन आता?"

"आता सात देवांची. लगीन झालं तवापासून."

"माझं लगीन कोणं लावून देलं?"

"मीच."

"मंग तवा माझं रक्त बदलवलं होतं का तुमी? कोणती सुई टोचली होती?"

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आता प्रियाचे आजोबा, तिच्या बापाचे वडील इसरू खाकरले. गावात त्यांच्याहून वडील कुणी नव्हतं.

"सगा, आयका. देव रक्तात नसन, तं पोरगी आजबी आमची, सात देवांची. लगीन करा. अन देव रक्तातच असन, तं पोरगी दोन वर्सं झाले तुमच्या देवात गेली. अन पोरगी दुसऱ्याच्या देवात जाते कशानं? लग्नानं. म्हणजे लगीन दवाखान्यातच झालं. आमाले जेवण नाई भेटलं, तेवढंच बाकी आहे."

गोटुलात हशा पिकला. पत्रू इकडून पाहत होते, तिकडून पाहत होते, दोन्हीकडून लग्नच! शेवटी त्यांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता ते गमछ्यानं डोळे पुसू लागले.

"थांबा जी," दारातून प्रिया ओरडली. "म्हणजे दोन वर्सापासून मी याची बायको आहो? अन यानं मले एक साडी घेतली नाई?"

लोकेश काही बोलणार होता. पण त्यानं प्रियाकडे पाहिलं. हसून हसून तिचे गाल लाल झाले होते. काचेपलीकडची ती पांढरी पोरगी त्याला आठवली, आणि तो सगळ्या गावासमोर ढसाढसा रडू लागला. या वेळी त्यानं तोंड लपवलं नाही.

पत्रूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता रडतो कायले गा? जाय, साडी घेऊन ये."