लाल मातीचा आवाज

लढाईच्या दिवसांत म्हसा गावाजवळच्या माळावर पलटणीने तोफगोळ्यांचा सराव केला होता. लढाई संपली, पलटण गेली, पण न फुटलेले गोळे मातीतच राहिले. सेहेचाळीसच्या चैत्रात त्यातल्या एकाने नथूची कालवड उडवली, तेव्हा तालुक्याच्या साहेबाने धाऊला बोलावून घेतले. धाऊ इटलीत सुरुंग शोधायच्या तुकडीत होता. पुरलेले लोखंड हुडकायचे यंत्र चालवणारा मुरबाडकडे दुसरा कोणी नव्हता.

कालवड उडाली तो माळाचा तुकडा जिवलीकाकीचा. तिचा मुलगा काळूराम आणि धाऊ एकाच दिवशी भरती झाले होते. परत आला एकटा धाऊ. आल्यावर तो काकीच्या दारी एकदाच गेला, "सुरुंगावर पाय पडला" एवढे सांगून उठला आणि पुन्हा फिरकला नाही.

खालच्या खाचरांत काम नीट चालले. पाठीवर पेटी, कानांवर टोपणे, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. आधी चकती रिकाम्या जमिनीवर धरायची, बटणे फिरवून कानातली गुणगुण माशीइतकी बारीक करायची. मग लोखंड आले की ती चढते. भाताच्या काळ्या मातीत हे सोपे गेले. वर माळावर लाल मुरूम लागला आणि यंत्र पावलोपावली बोंबलू लागले. त्या मातीतच लोखंड होते.

इटलीतल्या टेकडीवरही असेच झाले होते. माती बदलली की थांबायचे, चकती जराशी वर उचलायची, बटणे नव्याने जुळवायची, असे शिकवलेले. चार हात जायला तास लागतो. त्या दिवशी धाऊचे कान किटले. त्याने बटण फिरवून आवाजच दाबून टाकला आणि चालू लागला. मागून काळूराम वाटेची पांढरी पट्टी अंथरत येत होता. धाऊचा पाय सुरुंगाशेजारून गेला. काळूरामचा त्यावर पडला.

आता माळावरही त्याचा हात त्याच बटणाकडे गेला, आणि मागे कोणी उभे असल्याचे जाणवले. असे त्याला रोजच व्हायचे, अंगणात, नदीवर, जेवताना. तो कधी मागे बघत नसे. आज बघितले. खालच्या बांधावर जिवलीकाकी उभी होती. त्याने टोपणे काढली.

"थांबलास का रे?" तिने विचारले.

"काकी, त्या दिशी मी आवाज कमी केलता," धाऊ म्हणाला. "माती लय बोंबलत व्हती. यंत्रानं सांगितलं असतं. मी ऐकलं नाय."

जिवली म्हणाली, "मरताना वरडला का तो?"

"नाय."

"खरं सांग."

"वरडला. मला हाका मारत व्हता."

"आनि मला हे आता सांगतोस." तिने पदर डोक्यावर ओढला. "आता नको कमी करू. किती का दिस लागंना. मी हितं बसते."

"बसायचं तर खाली खाचरात बस. तिथं मी बघितलंय."

ती खाचरात जाऊन बसली. अकरा दिवस रोज येऊन बसली. धाऊ चार हातांवर थांबे, बटणे जुळवी, पुन्हा वाके. संशय आला तिथे पालथा पडून बोटांनी माती उकरी. दोन गोळे निघाले. साहेबाच्या माणसांनी ते लांब नेऊन उडवले.

शेवटच्या दिवशी जिवली म्हणाली, "नाचणी लावीन आता. पन तू माज्या दारात येऊ नको. तुला बघितलं का तो दिसतो."

धाऊ गेला नाही. भादव्यात पितरांच्या दिवशी तिची सून भागी पानात भात-भाजी घेऊन आली आणि त्याच्या उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. काकी हे काळूरामच्या मित्राला पाठवते की त्याच्या नावाने कावळ्याला, हे धाऊला कळले नाही. तो उंबऱ्यावरच बसला आणि एकही शीत न टाकता ते जेवला. त्यानंतर दर भादव्यात पान येत राहिले.