थर्मास डिकीत

आमच्या बाहिया ब्लान्काहून माझ्या बहिणीचं गाव कोमोदोरो अकराशे किलोमीटर. बाबा हे अंतर एकाच थांब्यात कापतात आणि दर रविवारी निखाऱ्यावर मांस भाजताना, कोणी विचारलं नाही तरी, ते सांगतात.

हा पराक्रम आईच्या मानेवर उभा होता. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याने सगळ्यांना येर्बा, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पाजायची, हा आमच्याकडचा रिवाज. मांडीत थर्मास. भोपळ्याच्या पेल्यातल्या पाल्यावर गरम पाणी ओतायचं, बाबांना द्यायचं, रिकामा पेला पुन्हा भरायचा, कमरेतून मागे वळून मला द्यायचा. बारा तास. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या, इर्माच्या, मुलीच्या बाप्तिस्म्याला आम्ही असेच गेलो. सगळे चर्चमध्ये होते तेव्हा आई आखडलेल्या मानेने पलंगावर छत बघत पडली होती.

आता खुद्द इर्माचं लग्न होतं आणि पहिला नाच ती आईबरोबर करणार होती.

निघण्याआधी आईने दोन्ही पुढच्या सीटच्या पाठी सरळ केल्या, डोक्यामागच्या उशा कानांच्या उंचीला आणल्या, कमरेमागे टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवल्या. सकाळी सहाला आम्ही निघालो.

शहर संपलं तसा बाबांनी हात पुढे केला. "थर्मास कुठंय?"

"डिकीत."

"डिकीत कशाला?"

"चालत्या गाडीत डिकी उघडत नाही म्हणून. दर दीड तासाने थांबायचं, चालायचं, उभ्याने प्यायचं."

"नेलिदा, तीस वर्षं मी असाच जातोय."

"आणि तीस वर्षं मी वळतेय."

"हे त्या फिजिओथेरपीवाल्या बाईचं डोकं दिसतंय."

"डोकं तिचं. मान माझी."

साडेसातला आईने घड्याळ दाखवलं. बाबांनी वेग वाढवला. आठला त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, मागची सीट पाडून थर्मास काढ बरं."

"सीट पडत नाही."

"कालपर्यंत पडत होती."

"काल तिच्यावर मी बसले नव्हते."

"दोघी मिळून मला तहानेने मारा."

"पाणी आहे," आई म्हणाली आणि बाटली पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही. आईने गाणं लावलं आणि मान अगदी सरळ ठेवून रस्ता बघत राहिली.

आठ वाजून वीस मिनिटांनी गाडी कडेला लागली. बाबा उतरले आणि दार धरून वाकलेलेच राहिले. कंबर सरळ होईना. वारा इतका होता की त्यांची टोपी कुंपणाला जाऊन अडकली.

"वाकून काय शोधतोयस, म्हाताऱ्या?"

"काही नाही."

"मग टोपी घेऊन ये. चालत. आल्यावर देते."

ते गेले. येताना बरेच सरळ झाले होते. पहिला पेला आई स्वतः प्यायली, दुसरा तिने त्यांना दिला.

संध्याकाळी पावणेआठला, उजेड असतानाच, आम्ही इर्माच्या दारात पोचलो. तिचा होणारा नवरा हसत बाहेर आला. "काय, या वेळी किती थांबे?"

"मोजले नाहीत," बाबा म्हणाले.

आई आपली आपण उतरली. मान डावीकडे फिरवून तिने घर पाहिलं, उजवीकडे फिरवून बाबांना.

"सात," ती म्हणाली. "परतताना आठ. इर्मा, गाणं कोणतं लावणारेस?"