पिसाचा निळा ठिपका

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पीसबाबा बसले होते. त्यांचं पीस फिरलं की बधिर पाय जागे होतात, अशी ख्याती. "रिपोर्ट म्हणजे कालचं वर्तमानपत्र," बाबा सांगत, "फाडा आणि चालू लागा." लोक खरोखरच फाडत होते.

माझ्या भाऊजींच्या खिशातही एक रिपोर्ट होता. भाऊजी शिंपी. आठवड्यापूर्वी मोडलेली सुई त्यांच्या डाव्या तळव्यात घुसली, आणि ते ताईला मोज्यावरच्या रक्तावरून कळलं. त्यांना पत्ताच नाही. म्हणून नसांची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी उद्या बोलावलं होतं.

"आज गुण आला तर उद्या जायचं कशाला? जखमेवरची ही पट्टीपण काढून टाकतो," भाऊजी मला म्हणाले. "तू आपली पुस्तकं वाच."

बधिर पायांवरची वाचलीच होती. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शिवाय मीच चुकत असलो तर?

आमचा नंबर आला, तसे भाऊजी, ताई आणि मी व्यासपीठावर गेलो. बाबांनी भाऊजींच्या पायांवर शाल टाकली. "शक्ती उघड्यावर टिकत नाही. डोळे मीट." "आता उजवा तळवा," म्हणत त्यांनी शालीखालून पीस फिरवलं. "कळलं काही?"

"नाही."

मग ते पीस भाऊजींनी टोकाला धरून कपाळी लावलं, बाबा काहीतरी पुटपुटले, आणि पीस पुन्हा शालीखाली गेलं.

"कळलं की," भाऊजी म्हणाले. "गुदगुल्या झाल्या."

टाळ्या पडल्या. भाऊजींनी फाडायला रिपोर्ट बाहेर काढला.

शाल निघाली, तसा मी त्यांच्या चपला पुढे करायला वाकलो. उजव्या घोट्याच्या चार बोटं वर निळा ठिपका होता. सकाळीच भाऊजींनी कोटाचं कापड आखलं होतं. खडूने त्यांची बोटं निळी होती. तळवा मात्र कोरा.

"बाबा, चुकत असेन तर माफ करा," मी कसाबसा म्हणालो. "आधी तळव्याला लावलंत, मग घोट्याच्या वर का? पिसावरचा खडू तिथे लागलाय."

"अश्रद्ध माणसा, खाली बस."

"बसतो. एकदा शालीशिवाय तळव्याला लावा."

"आजची शक्ती संपली."

ताईने सरळ त्यांच्या हातातलं पीस घेतलं. "डोळे मिटा हो." तळव्यावरून तिने ते तीनदा फिरवलं. सगळे बघत होते.

"कधी लावणार?" भाऊजींनी विचारलं.

कुणी हसलं नाही. भाऊजींनी डोळे उघडून पीस पाहिलं आणि रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा किस्सा ऐकून डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उलगडून दाखवला. "पायाच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून बधिरपणा बहुधा बोटांपासून वर चढतो. तुमचा तळवा झोपलाय, पोटरी जागी आहे. बाबांना एवढं नक्की ठाऊक असणार. या आकड्यांचा अर्थ, नसांतून निरोप जातो, पण क्षीण आणि उशिरा. का, ते शोधायला साखर आणि जीवनसत्त्वं तपासू. जखम आजच स्वच्छ करू. अनवाणी चालायचं नाही, तळवे रोज डोळ्यांनी बघायचे."

"पूर्ण बरं होईल?"

"तसं वचन देत नाही. पण कारण सापडलं तर पुढची झीज बरीच रोखता येते."

"बाबा पूर्ण बरं करत होते," भाऊजी कुरकुरले.

"हो, शालीखाली," ताई म्हणाली.

दुकानातला गिऱ्हाइकांचा आरसा आता रोज सकाळी आधी भाऊजींचे तळवे बघतो. मलाही सगळं कळतं असं नाही. एवढंच सांगतो: रिपोर्ट कळला नाही तर फाडू नका, विचारा. आणि कुणी तुमचं दुखणं झाकून बरं करू लागला, तर आधी शाल उचला.