भिंतीकडची बाजू

गादीला पडलेल्या भोकात कोपरापर्यंत हात घालून संशोधक बाईंनी दगड बाहेर काढला, तेव्हा खोलीतल्यांच्या माना पुढे झाल्या. एवढा गाजावाजा झाला म्हणजे निदान बघण्यासारखं काहीतरी निघेल, असं सगळ्यांना वाटत होतं. निघाला तो मुठीएवढा काळाकुट्ट दगड. एका बाजूचा टवका उडाला होता आणि तिथून आतला फिकट राखाडी रंग दिसत होता.

“एवढाच?” शेजारचे काका म्हणाले. सकाळपासूनची ही त्यांची तिसरी फेरी होती.

“वर असताना मोटारीएवढा असेल,” बाई हातमोजा नीट करत म्हणाल्या. “हवेत शिरताना फुटला. बहुतेक सगळा वरच जळून गेला. पहाटे लोकांना उजेड दिसला ना, तो त्याचाच. उरलं ते हे.”

“गरम आहे का अजून?”

“नाही. शेवटी शेवटी तो नुसता पडत असतो. खाली येईपर्यंत गार होतो.”

“नशीब असतं एकेकाचं,” काका म्हणाले. “इतकी वर्षं शेजारी राहतोय, आमच्या छपरावर कधी साधा पतंग पडला नाही.”

थोरली दारातच उभी होती. आल्यापासून तिनं खांद्यावरची पर्सही खाली ठेवली नव्हती. या घरात आता पर्स कुठे ठेवायची, हे तिला कळत नव्हतं.

सकाळी फोनवर धाकट्या भावाचं नाव दिसलं तेव्हा तिला वाटलं होतं, चुकून लागला असणार.

“घरावर दगड पडलाय,” तो म्हणाला होता.

“कुणी मारला?”

“कुणी नाही. वरून आला. आभाळ कोसळलं म्हणतात ना, तसं. पण थोडंसंच.” मग हळूच म्हणाला, “ये.”

आई गेल्यापासून दोघांत अबोला होता. मागच्या थंडीत थोरलीनं हट्टानं आईला आपल्याकडे नेलं. धाकट्याचं घर बैठं, पत्र्याचं, चारी बाजूंनी वारा खाणारं. तिचं घर उबदार, लिफ्टचं, गुळगुळीत फरशीचं. त्याच फरशीवर आईचा पाय घसरला आणि ती पुन्हा उठली नाही. सगळं उरकल्यावर धाकटा एकच वाक्य बोलला, “तिला तिच्या पलंगावर राहू दिलं असतंस, तर आज असती.” थोरलीलाही तेच वाटत होतं.

ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाला दारापर्यंत पोचवताना ती सांगायची, “बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही पिऊ नका. भाजलं तरी कळायचं नाही.” अलीकडे हे सांगताना तिला स्वतःचंच हसू येई. आई गेल्यावर ती रडली नव्हती. कामावर जात होती, भाजी निवडत होती, डॉक्टरांच्या शिळ्या विनोदांना वेळेवर हसत होती, आणि यातलं काहीच तिला लागत नव्हतं. गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसे दिवस चालले होते.

आताही काही वाटत नव्हतं. ती नुसती बघत होती. पत्र्याला भोक, त्याखालच्या छताला भोक, गादीला भोक. वरून उन्हाचा एक कवडसा नेमका पलंगावर उतरला होता. पलंग दोघांचा, एक बाजू भिंतीला लागलेली. भोक पडलं होतं दुसऱ्या बाजूला, बाबांच्या उशीच्या जागी.

आई भिंतीकडे झोपायची. बाबा गेले त्याला किती वर्षं झाली, पण ती कधी वीतभरही मधे सरकली नाही. बाबांच्या बाजूला तिची घडी घातलेली चादर, चष्मा, वाचून झालेली वर्तमानपत्रं असत. धाकटा रोज सकाळी चहा घेऊन आला की त्याला बाबांच्या जागेवर गुडघा टेकवून, पार वाकून कप पुढे करावा लागे. “आई, इकडे सरक की,” तो रोज कुरकुरायचा. “ती बाबांची जागा,” आई रोज म्हणायची. उशीच्या वर, भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. घराला रंग दिला की चार दिवस जायचा, मग पुन्हा वर यायचा.

म्हणजे आई आज इथे असती, तर तिच्या अंगावर नुसती धूळ पडली असती. दचकून उठली असती, धाकट्याला हाका मारल्या असत्या, मग दिवसभर येईल त्याला तिखटमीठ लावून सांगत बसली असती. असती. दगडानं सुद्धा धाकट्याचीच बाजू घेतली, असं थोरलीच्या मनात आलं आणि तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

“या पलंगावर कोण झोपतं?” संशोधक बाईंनी विचारलं.

धाकटा पुढे झाला, भिंतीकडची उशी उचलून झटकली आणि भिंतीला टेकवून उभी ठेवली. तेलाचा डाग तिच्यामागे झाकला गेला.

“आई झोपायची,” तो म्हणाला.

“कुठल्या बाजूला?”

“ही काय, इथंच.” त्यानं भोकाकडे बोट दाखवलं. “बरोबर इथं डोकं यायचं तिचं.”

“बापरे! मग आज पहाटे त्या...”

“नव्हती. गेल्या थंडीत ताईनं तिला आपल्याकडे नेलं. तिकडेच गेली ती.” थोरलीकडे त्यानं पाहिलं नाही. छताच्या भोकाकडे बघत राहिला. “ताईनं नेलं नसतं, तर आज मला इथं काय बघायला लागलं असतं, कुणास ठाऊक.”

“म्हणजे लेकीनं वाचवलं म्हणायचं,” काका भारावून म्हणाले. मग आपलं काहीतरी चुकलंय हे त्यांना उमगलं. “म्हणजे वाचवलं असं नाही. पण तसंच.”

संशोधक बाई थोरलीकडे वळल्या. “इथंच झोपायच्या ना त्या?”

थोरली उशीकडे बघत होती. खरं ते जिभेवर आलं होतं, आणि ते बोलायला एक शब्द पुरला असता. धाकटा अजून वरच बघत होता. लहानपणी काचेचं काही फुटलं की तो असाच छताकडे बघायचा.

“हो,” ती म्हणाली. “इथंच.”

बाईंनी दगड चांदीच्या कागदात गुंडाळला, छताचे फोटो काढले, पुन्हा येऊ म्हणून सांगितलं आणि गेल्या. काकांना ही बातमी पुरी गल्लीभर पोचवायची होती, तेही थांबले नाहीत. धाकटा स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

थोरलीनं पर्स खुर्चीवर ठेवली. चपला काढून ती पलंगावर चढली, भोक चुकवून भिंतीकडे सरकली, उशी बाजूला करून पाठ टेकून बसली. आईचं डोकं जिथं टेकायचं, तिथं तिचंही डोकं बरोबर पोचत होतं.

धाकटा चहा घेऊन आला आणि तिला तिथं बसलेली पाहून दारात थबकला. मग नेहमीच्या सवयीनं त्यानं बाबांच्या जागेवर, भोकाच्या कडेला, गुडघा टेकवला आणि पार वाकून कप पुढे केला.

“इकडे सरक की,” तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच शब्द ऐकू आला. कप धरलेला हात तसाच राहिला.

“ती बाबांची जागा,” थोरली म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं कप घेतला आणि घाईघाईनं मोठा घोट घेतला. चहा नुकता उकळून आणलेला होता. तिनं चटकन ओठांवर बोटं धरली.

“भाजलं?”

“हो,” ती म्हणाली. “भाजलं रे. खूप भाजलं.”

आणि ती रडायला लागली. धाकट्यानं तिच्या हातातला कप काढून घेतला आणि तिचं रडणं थांबेपर्यंत तिथंच बसून चहावर फुंकर घालत राहिला.