वैजंतीची ओवी

हौसेराव गुरुजी दारात आले तेव्हा माझी भावजय अरुणा ओट्यावर चिंबोऱ्यांचे डेंगे, म्हणजे खेकड्यांच्या नांग्या, सुतळीनं बांधत बसली होती. शेजारी तिची लेक वैजंती तेच काम आईपेक्षा भराभर करत होती. पाठीवर अंगठा, पोटाखाली बोट, दोन वेढे, गाठ, की चिंबोरी टोपलीत. गुरुजींना पाहिलं आणि पोरीचा हात थांबला.

"काय वं अरुणाबाई," गुरुजी म्हणाले. ते मूळचे साताऱ्याकडचे. छत्री मिटली तरी त्यांचं तोंड मिटत नसे. "तुमची पोरगी मला येडा समजती का काय?"

"कं झाला गुरुजी?"

"काल सोमवारी मी तुमच्या देवळात आलो हुतो. ही पाटावर बसून पोथी वाचत हुती, घडाघडा. मी हात जोडून बसलो की हो! आन आज वर्गात पुस्तक फुडं केलं, तर पयल्याच वळीला गाडी चिखलात. चौथीत दुसऱ्यांदा बसलीया. पोथी वाचती आन पुस्तक वाचत न्हाई, मग ही लबाडी न्हाई तर काय?"

अरुणाचं लक्ष गुरुजींकडे, आणि चिंबोरीचं तिच्या बोटाकडे. तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून माझा भाऊ किसन जाळं टाकून मागल्या दारानं धावत आला. बोट सोडवून झालं, चिंबोरी आपटून झाली, मग सगळा राग पोरीवर उतरला.

"सांग, वाचतंस का नाय?"

"मना येत नाय," वैजंती म्हणाली.

"मंग पोथी कशी येते?"

किसननं पाठीत धपाटा घातला. "पुन्ना नापास झाली तं शाला बंद. टोपली उचलाची न् आयेबरोबर नेरूलच्या बिल्डिंगी फिराच्या. आयकलास?"

तिनं मान हलवली, पण डोळ्यांत पाणी आणलं नाही. दुसरी चिंबोरी उचलली आणि तिचे डेंगे बांधले.

आमच्या खाडीकाठच्या सारसोळे गावात श्रावणात दुपारची पोथी असते. भरतीची वेळ नसेल तर पुरुषही येतात. एकानं ओव्या वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणारे कोण, तर आमचे चुलते मारोतीकाका. त्यांच्या मांडीला टेकून वैजंती बसायची, चालता येत नव्हतं तेव्हापासून. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तसं त्यांनी पाटावर पोरीला बसवलं आणि आपण अर्थ सांगायला लागले. साऱ्या गावाला केवढं कौतुक! शेंबडं पोर आणि जुन्या वळणाची अक्षरं फडाफडा वाचतं. बाया तिच्या पाया पडायच्या. अरुणा त्या दिवसांत जरा ताठ चालायची.

माझा श्रावणी सोमवारचा नेम असा, की पोथीचा अध्याय पुरा झाल्याशिवाय तोंडात कण घालायचा नाही. म्हणून मी अगदी पाटाजवळ बसते, शेवटची ओवी कानाआड जाऊ नये म्हणून. पुढल्या सोमवारीही तिथंच बसले होते. गुरुजी आलेच होते, आणि या खेपेला ते मागं नाही, पोरीच्या खांद्याशी येऊन बसले.

पोथीची पानं सुटी. पावसाळी हवेनं दमट झालेली, त्यात समईचं तेल. वैजंतीनं पान उलटलं तेव्हा दोन पानं चिकटून एकदम उलटली. तिला ते कळलं नाही. मला दिसलं. समोरच्या पानावर लग्नाचा मांडव होता आणि पोरीच्या तोंडात अजून वनवास चालला होता. चाल सुरेख, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चिकटून आत दडलेल्या पानांवरचं सगळं ती बिनचूक म्हणत होती, ती पानं न बघता.

"थांब," गुरुजी म्हणाले. "आत्ता काय म्हणालीस? कुठं हाय ते? बोट ठिव."

वैजंतीनं बोट पुढं केलं. ते पानावर फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं, आणि शेवटी कडेच्या कोऱ्या जागेवर टेकलं.

देवळात आधी कुणाला काही समजेना. गुरुजींनी चिकटलेली पानं सोडवून वर धरली, तेव्हा समजलं. मग जी बोलणी उठली!

"म्हंजे इतकी वर्सां ही निसती तोंडानं बोलत व्हती?"

"देवाला फशिवला गो!"

"आमी हिच्या पाया परलाव!"

मारोतीकाका तेवढे हसले. "देवाला फसवाला देव काय शालेतला मास्तर हाय? सगली पोथी पोरीच्या पोटान हाय. तुमच्या कोनाच्या हाय का?"

चार जण हसले, पण ते काकांच्या मानासाठी. पुढच्या सोमवारी पाटावर पाटलांचा रणजीत बसला. कॉलेजात जाणारा मुलगा. तो पोथी अशी वाचायचा, जसं कुणी मागून काठी घेऊन लागलंय. पण अक्षर बघून वाचतो म्हणून सगळे खूश. वैजंती देवळाच्या पायरीवर बसून राहिली. रणजीत चुकला की तिचे ओठ बरोबर शब्द म्हणायचे.

मी तुळशीला पाणी घालताना तिला जवळ घेतलं. माझा आवाज कधी चढत नाही, म्हणून असेल, पोरं माझ्याशी बोलतात. म्हटलं, "बाय, मी रागवत नाही. पान बघितल्यावर तुला काय होतं ते सांग."

तिनं तुळशीच्या ओल्या मातीत बोट फिरवलं. "आत्या, ती निवट्यांसारखी हायत."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी. पाणी ओसरलं की जिकडे बघावं तिकडे निवट्या, आणि हात घातला की एकही नाही.

"एक अक्षर धरलाव की बाजूचा सरकतंय. त्याला धराला गेलाव तं पयला कंचा व्हता तेच याद नाय. बाकीची पोरां कशी धरतान गो?"

मला कधी धरावंच लागलं नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. अरुणानं बदाम भिजवले, ब्राह्मीचं तेल थापलं, कुणाची तरी नजर काढली. गुरुजींनी प्रत्येक धडा पुन्हा पुन्हा लिहायला लावला. पोरीनं लिहिला, रांगोळी काढावी तसा देखणा, आणि लिहून झाल्यावर 'वाच' म्हटलं तर एक ओळ येईना. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "ताई, एका खोलीत दोन वर्ग हाकतो मी. छडी बी मारून बघितली, गोड बी बोललो. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

मला फार राग आला. राग आला की मी जप करते. त्या दिवशी माळ दोनदा हातातून पडली. आडात तर सबंध पोथी होती. पोहराच कुठंतरी गळका होता, आणि तो कुणी बघत नव्हतं. सगळे विहिरीलाच शिव्या देत होते.

नेरूळला एका सोसायटीत विजयमालाबाई राहायच्या. अरुणाची चिंबोऱ्यांची गिऱ्हाईक. शाळेत शिकवायच्या आणि दुपारी घरी, ज्यांना वाचता येत नाही अशी चार-दोन पोरं घेऊन बसायच्या. वैजंती टोपली घेऊन आईबरोबर गेली, तर बाईंनी सहज दारावरची पाटी वाचायला सांगितली. ती अडली. बाईंनी मग तिला दोन-चार गोष्टी विचारल्या, गोष्ट सांगून परत म्हणायला लावली. पोरीनं शब्दन् शब्द परत दिला. बाईंनी 'घरच्या कुणाला घेऊन या' म्हटलं, तशी अरुणा घाबरीघुबरी होऊन मला घेऊन पुन्हा तिकडे गेली.

"टेन्शन घेऊ नका," बाई म्हणाल्या. "पोरगी हुशार आहे. याला डिस्लेक्सिया म्हणतात."

"अगो माझे बाय! कंचा रोग तो? उतारा हाय का?"

"रोग नाही हो. डोळे चांगले, कान चांगले. आवाज आणि अक्षर यांची गाठ आपल्या डोक्यात आपोआप बसते. हिची बसत नाही. ती एकेक करून बांधावी लागते."

"म्हंजे चिंबोरीसारखी," वैजंती म्हणाली.

बाई हसल्या. "तशीच. आणि तेवढीच चावरी."

त्यांची तऱ्हा वेगळी. खरखरीत कागदाचं कापलेलं अक्षर, डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचं आणि त्याच वेळी तोंडानं आवाज काढायचा. आधी बोटाला कळू दे, मग डोळ्याला. सगळी बाराखडी एकदम नाही. एक अक्षर पक्कं झालं की दुसरं. दिसायला सारखी अक्षरं शेजारी शेजारी आणायचीच नाहीत. आणि एका जाड कागदाला खिडकी कापलेली, तिच्यातून एक शब्द दिसेल एवढीच. बाकीच्या निवट्या झाकलेल्या.

घरी मी परातीत खाडीची ओली रेती पसरायची आणि ती बोटानं अक्षर काढायची. किसन येता-जाता बघायचा.

"आठवडाभर एकच अक्षर? बाय, अशान पोथी वाचाला हिचा लगीन व्हईल, पोरां व्हतील!"

"होऊ दे," मी म्हणायची.

"व्हऊ दे कं? गावान त्वांड दाखवाला जागा नाय. मना कालच जेट्टीवर इचारला, तुजी पोर देवाला काय गंडवते म्हनून."

त्याचंही काही खोटं नव्हतं. बाईंनी गुरुजींना चिठ्ठी दिली होती, हिला वेळ जास्त द्या, तोंडी विचारा. गुरुजींनी ती वाचून खिशात ठेवली. म्हणाले, "एकीला तोंडी इचारलं तर बाकीची म्हनतील आमाला बी इचारा. मग मी परीक्षा घ्यायची का कीर्तन करायचं?" वैजंती पुन्हा नापास झाली. तोंडी विचारलं असतं तर सगळं पुस्तक म्हणून दाखवलं असतं तिनं. किसननं शब्द खरा केला. शाळा सुटली. सकाळी टोपली डोक्यावर, आणि दुपारी बिल्डिंगी संपल्या की बाईंच्या घरी. तेवढं मात्र अरुणानं नवऱ्याच्या नकळत चालू ठेवलं. चिंबोऱ्या विकायला उशीर होतो, म्हणायची.

पुन्हा श्रावण आला. दुसऱ्या सोमवारी रणजीत तापानं आडवा झाला. देवळात बाया जमलेल्या, समई लावलेली, आणि पाट रिकामा. मारोतीकाकांनी मान वर करून हाक मारली, "वैजंते! बस गो पाटावर."

कुणी हरकत घेतली नाही. माझ्या मागून एक जण बोललीसुद्धा, "म्हनू दे गो. बगून नाय तं नाय. त्या रणजीतपरास चाल तरी ग्वाड हाय."

म्हणजे गावाला वर्षभरानं का होईना, ती तशीच चालणार होती. तिनं डोळे मिटून सुरू केलं असतं तर घटकाभरात अध्याय पुरा होऊन प्रसाद वाटला असता, आणि कदाचित तिचा पाट तिला परत मिळाला असता.

वैजंती पाटावर बसली. परकराच्या कमरेतून तिनं तो खिडकीचा कागद काढला, पोथीवर ठेवला आणि पहिल्या शब्दाखाली बोट धरलं.

तिचे ओठ हलले. एक अक्षर आलं. मग दुसरं. मग दोन्ही मिळून. ती थांबली, मागं गेली, पुन्हा आली. ओवी तिला तोंडपाठ होती, घशाशी येऊन उभी होती. मला दिसत होतं की ती तिला आत ढकलतेय आणि पानावरचा शब्द वर ओढतेय. चाल नाही, गोडवा नाही. कपाळावर घाम.

"ही कं करते?" कुजबुज सुरू झाली. "गेल्या साली कशी फडाफडा बोलायची."

"पार बिघरली गो पोर."

"शाला सुटली ना, मंग व्हतंय असा."

"वैजंते, पाठ हाय ना तुना? मंग बोल की झटझट! भरती येल आता, होरी सोडाची हाय."

तिनं मान वर केली नाही. कागद अर्धं बोट पुढं सरकवला.

एक उठली. मग चार उठल्या. घंटा वाजवून, देवाला हात जोडून, पदर झटकून गेल्या. किसन खांबाशी उभा होता. त्याला वाटलं, पोरीनं पुन्हा एकदा त्याचं नाक कापलं. तोही छत्री उघडून बाहेर पडला. देवळात मी राहिले, अरुणा, आणि भिंतीला टेकलेले मारोतीकाका.

पहिली ओवी संपली. काकांनी अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "दुसरी घे."

वैजंतीनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर दिवस कलायला लागला होता आणि अध्याय तर अजून सगळाच पुढं होता.

"आत्या, तुजा उपास," ती म्हणाली. "पाठ बोलू का? लवकर व्हईल."

"वाच गो," मी म्हटलं. "मला कुठं भूक लागलीय?"

तिनं खिडकी दुसऱ्या ओवीवर ठेवली.