छताला मोरी

प्लंबरचं नाक बंद पडून चार वर्षं झाली होती आणि धंद्याला त्याचा फायदाच होता. ज्या तुंबलेल्या संडासापुढे लोक रुमाल लावूनही टिकत नसत, तिथे हा मांडी ठोकून गुणगुणत बसे. घरी नातीचे, ढमीचे, लंगोट बदलायलाही सगळे त्यालाच हाका मारत. पण त्याची मुलगी आपल्या ढमीच्या टाळूवर नाक टेकवून डोळे मिटे आणि म्हणे, "बाबा, हा वास थोड्या महिन्यांचाच हं, मग उडून जातो." तेव्हा प्लंबर पाना शोधायच्या निमित्तानं उठून जाई. ढमीला पाचवा महिना लागला होता.

म्हणून बायकोला घेऊन तो नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

त्यांनी स्कॅन पडद्यावर लावला. "काका, गालाच्या हाडातली ही पोकळी म्हणजे सायनस. आत ओलावा सुटतो, तो या भोकातून नाकात येतो."

"भोक वर आहे," प्लंबर म्हणाला.

"हो, जवळजवळ छताला."

"टाकीची मोरी छताला? कुठल्या गाढवानं बसवली?"

"अहो!" बायकोनं कोपर ढोसलं.

"तक्रार कुठे करायची ते मलाही ठाऊक नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "आत बारीक लव असते, ती शेंबूड वर ढकलते. गालाची, कपाळाची आणि डोळ्यांमधली बरीचशी पोकळी एकाच चिंचोळ्या बोळात रिकामी होते. तिथे सूज येऊन द्राक्षांसारखे घोस लोंबले, ते पॉलिप. बोळ तुंबला की मागचं सगळं तुंबतं. आणि वास कळतो ती जागा नाकाच्या माथ्यावर. तिथवर हवाच पोचत नाही."

"मग टाकीला खालून भोक पाडा."

"पूर्वी पाडायचे. पण लव हट्टी असते. खाली दार उघडं असलं तरी जुन्याच भोकाकडे ढकलत राहते."

"हिच्या माहेरची दिसते," प्लंबर म्हणाला. दुसरं कोपर बसलं.

स्प्रे मिळाला. दोन्ही नाकपुड्यांत, दोन महिने. तरी घोस उतरले नाहीत तर दुर्बिणीनं ऑपरेशन. ऑपरेशन हा शब्द ऐकून आयुष्यभर लोकांच्या भिंती फोडणाऱ्या माणसानं खुर्ची दाराकडे सरकवली.

दोन महिने त्यानं एक दिवस चुकवला नाही. तपासणीत डॉक्टरीणबाई दुर्बिणीतून आत बघत राहिल्या. "काका, उजवीकडचे घोस जसेच्या तसे. डावीकडे मात्र बरीच वाट झालीय. स्प्रे नीट मारला ना?"

"मारला की. डावीकडेच."

"डावीकडेच?"

"जास्त तुंबलेली लाइन आधी मोकळी करायची, हा आमचा नियम. तुमच्या नकाशात डावी बाजू गच्च भरलेली होती."

"तो नकाशा नाही हो! आपण समोरासमोर बसलोय असं धरून स्कॅन बघतात. पडद्यावरची डावी बाजू म्हणजे तुमची उजवी."

मग बायको म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांच्या घरी असंच केलंत का?"

प्लंबरला हसू आलं नाही. ढमी सात महिन्यांची झाली होती.

"आता दोन्हीकडे स्प्रे मारून पुन्हा दोन महिने बघू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाई नाही."

"तुम्हाला नाही," तो म्हणाला. मग तळहात पँटला पुसत विचारलं, "ऑपरेशन लवकरात लवकर कधी?"

आठवड्यानं त्यांनी घोस काढले आणि जुनंच भोक रुंद केलं. वास परत येईलच असं वचन मात्र दिलं नाही. मग खपल्या, मिठाच्या पाण्याच्या धुलाया, आणि बायकोचं "शिंका तोंड उघडून, हो!" तीन आठवडे काहीच नाही. चौथ्यात एका सकाळी भांडी घासायच्या साबणाचा वास येऊन तो थबकला, हात तसेच ओले घेऊन मुलीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "दे तिला इकडे."

मुलीनं ढमीला दिलं. "बाबा, आता आठ महिने झालेत. वास असेल की नाही, कुणास ठाऊक."

प्लंबरनं टाळूवर नाक टेकवलं. ढमीनं त्याचा कान पकडला. तो हलला नाही.

"काय?" बायकोनं दारातून विचारलं. "आला का?"

"आंबट आहे," तो म्हणाला.

"बाबा!" मुलगी दुखावली. "आण इकडे तिला."

"थांब गं जरा," प्लंबर नाक न उचलता म्हणाला.